मोरी खाणाऱ्यांना शहाणपण शिकवण्याआधी

ससून डॉकवर पहाटे ओतलेल्या मोरीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, ढिगाचा व्हिडिओ अधूनमधून फिरत असतो. करड्या रंगाचे हातभर लांबीचे मासे, वर बर्फ, बाजूला टोपल्या घेऊन बसलेल्या कोळणी. खाली प्रतिक्रिया ठरलेल्या: ‘हे शार्क आहेत, लाज वाटली पाहिजे.’ मध्यंतरी तो आमच्या घरच्या ग्रुपवरही आला. आमच्यातल्याच एका परदेशस्थाने लिहिलं, की इकडे लोक शार्क बघायला पैसे मोजतात आणि आपण त्याचं कालवण करतो, आपल्याला कधी कळणार? गिरगावातून मावशीचं एका ओळीचं उत्तर आलं: ‘तू पोटाशी होतास तेव्हा तुझ्या आईला मोरी मीच करून घातली होती.’

विषय तिथे थांबला. मला तो थांबू द्यायचा नाही. मी ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला राहतो, समुद्रात पिंजऱ्यात उतरून ग्रेट व्हाइट हा अजस्र शार्क पाहिला आहे, आणि मोरीचं मटण खात लहानाचा मोठा झालो आहे. मोरी गरम पाण्यातून काढून तिची वाळूसारखी खरखरीत कातडी घासून काढताना मी आईला कितीदा तरी पाहिलंय. त्यामुळे इथल्या लोकांनी तिथल्या कोळणीला असंस्कृत ठरवलं की मला राग येतो. पण ‘आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खातोय’ एवढंच म्हणून विषय झटकला तरी तितकाच येतो.

आधी पिंजऱ्याचं सांगतो. साउथ ऑस्ट्रेलियातलं पोर्ट लिंकन हे ट्यूनाचं गाव. तिथून बोटीने साधारण तीन तास दक्षिणेला गेलं की नेपच्यून बेटं लागतात. बेटांवर सीलची मोठी वसाहत आहे आणि सीलसाठी ग्रेट व्हाइट येतात. माणशी पाचशेहून जास्त डॉलर लागतात. पोहता येणं किंवा डायव्हिंगचं प्रमाणपत्र असणं गरजेचं नाही. जाड रबरी सूट घालायचा, तोंडात हवेची नळी धरायची आणि बोटीला बांधलेल्या पिंजऱ्यात उतरायचं. पाणी इतकं गार असतं की पहिले काही श्वास नीट घेताच येत नाहीत. कानात आपल्याच श्वासाची घरघर, समोर नुसतं हिरवट निळं. मग खालून पांढरं पोट वर येतं. मासा अजिबात घाईत नसतो. पिंजऱ्याला लागून जाताना कल्ल्यांच्या पाच फटी दिसतात, पाठीवरच्या पराच्या मागच्या कडेला पडलेल्या खाचा दिसतात (त्या खाचांवरूनच संशोधक एकेक मासा ओळखतात), आणि डोळा दिसतो. लांबून काळा वाटणारा तो डोळा जवळून गडद निळा असतो. तो आपल्याकडे बघतो हे नक्की कळतं.

ज्याला परवडतं त्याने एकदा तरी हे करावं, असं मी मनापासून सांगेन. या माशाबद्दलची भीती कमी होत नाही, पण तिच्या जागी आदर येतो. इथल्या लोकांना तो आदर फुकट मिळालेला नाही. २०२३ या एका वर्षात साउथ ऑस्ट्रेलियात शार्कच्या हल्ल्यात तिघे गेले. तरीही ग्रेट व्हाइट इथे कायद्याने संरक्षित आहे आणि तो तसाच राहिला. शेजारच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने २०१४ मध्ये किनाऱ्यालगत आमिष लावलेले गळ टाकून मोठे शार्क मारायचा प्रयोग केला. हजारो लोक समुद्रकिनाऱ्यावर निषेधाला उभे राहिले. पकडलेल्या शार्कमध्ये ग्रेट व्हाइट एकही नव्हता आणि पुढच्या हंगामासाठी राज्याच्या पर्यावरण प्राधिकरणानेच नकार दिला. लोकांनी समुद्रात उतरताना जोखीम आपली मानली, हे मला फार मोलाचं वाटतं.

पिंजऱ्याच्या धंद्यालाही नियम आहेत. ट्यूनाचा चुरा आणि तुकडे पाण्यात टाकून शार्कला बोलावतात. २००७ नंतर या फेऱ्या वाढल्या तेव्हा शार्क बेटांपाशी जास्त काळ रेंगाळू लागले, असं इथल्या संशोधकांनी मोजून दाखवलं आणि सरकारने आमिष टाकायचे दिवस कमी केले. परवाने मोजक्या बोटींनाच. दोरीला बांधलेला तुकडा शार्कच्या तोंडात जाण्याआधी ओढून घ्यायचा असतो. मेक्सिकोने तर ग्वाडालुपे बेटापाशी हा धंदा २०२३ मध्ये पूर्ण बंद केला. म्हणजे ‘तिकडे शार्क बघतात’ हे वाक्य वाटतं तितकं साधं नाही. तिथेही भांडून, मोजून, मागे येऊन काहीतरी ठरवलेलं आहे.

आता जे आमच्या ग्रुपवर कोणी लिहिलं नाही, ते. पोर्ट लिंकनहून परत येताना वाटेत कुठल्याही फिश अँड चिप्सच्या दुकानात थांबा आणि फ्लेक मागा. फ्लेक म्हणजे शार्कचं मांस, नावाला तरी गमी शार्क या छोट्या जातीचं. मेलबर्नमध्ये तर शुक्रवारी संध्याकाळी रांग लावून लोक हाच मासा खातात. त्याच्या पकडीवर इथे मर्यादा आहेत, आकाराची अट आहे, म्हणून तो टिकून आहे. पण एवढ्याने भूक भागत नाही, तेव्हा बाहेरूनही येतो. दक्षिण आफ्रिकेतलं गान्सबाय हे जगातलं सर्वांत नावाजलेलं पिंजऱ्याचं गाव. २०१७ पासून तिथे ऑर्का (किलर व्हेल) ग्रेट व्हाइटना मारून त्यांचं यकृत खाऊ लागले आणि शार्क नाहीसे झाले. बोटवाले आज बहुतेक दिवस दुसऱ्याच जातीचे शार्क दाखवतात. ऑर्का हे कारण सगळे सांगतात. पण तिथले काही अभ्यासक वर्षानुवर्षं आणखी एक गोष्ट ओरडून सांगतायत: ग्रेट व्हाइट ज्या छोट्या शार्कवर जगतो ते लांब दोरीच्या गळांनी उपसले गेले आणि त्यांचं मांस ऑस्ट्रेलियात विकलं गेलं. पिंजऱ्यातून शार्क पाहून वर आलेला माणूस संध्याकाळी ताटात कोणता शार्क घेतो, हा प्रश्न ससून डॉकवरच्या कोळणीइतकाच त्यालाही लागू आहे.

म्हणून ‘आपण खातो, ते बघतात’ ही मांडणीच मला मान्य नाही. दोघेही खातात. फरक आहे तो कोणता खातात, किती खातात आणि ते कोण मोजतं यात.

कोणता, हे तर फार महत्त्वाचं. ग्रेट व्हाइटची मादी पिल्लं द्यायला तिशीच्या आसपास येते. सत्तर वर्षं जगू शकते. आपल्या टोपलीतली जी नेहमीची छोटी मोरी, चपट्या फावड्यासारख्या तोंडाची, ती वर्ष-दोन वर्षांत मोठी होते आणि एका वेळी डझनभर पिल्लंही देते. दोघांना ‘शार्क’ म्हणून एकाच हिशेबात घालणं चूक आहे. नीट सांभाळून धरली तर ही छोटी मोरी खात राहणं शक्य आहे, निदान मोठ्या शार्कच्या मानाने. पण त्याच ढिगात कानमुशीची, म्हणजे हातोड्यासारख्या डोक्याच्या हॅमरहेड शार्कची, पिल्लं असतात, खाडीच्या तोंडाशी जन्मणाऱ्या बुल शार्कची असतात. सोलून तुकडे केले की सगळीच मोरी. नुकसान तिथे होतं, आणि ते कोळणीच्या सुरीने नाही, त्याच्या खूप आधी, जाळ्यात होतं.

खाडीच्या तोंडाचा विषय निघालाच आहे, तर पालघरचं आठवतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मासेमारीला गेलेल्या एका तरुणाच्या पायाला बुल शार्कने चावा घेतला. तरुण कायमचा जायबंदी झाला. तो मासाही वाचला नाही. बातमीत सगळीकडे आश्चर्य: खाडीत शार्क? पण बुल शार्क गोड्या पाण्यात शिरतो, माद्या पिल्लं द्यायला खाड्यांतच येतात. तो तिथे आधीपासून असणार. आपल्यालाच आपल्या खाड्यांची ओळख उरलेली नाही. अ‍ॅडलेडमध्ये शार्क दिसला की हेलिकॉप्टर, सूचना, किनारा रिकामा. मनोरच्या त्या माणसाला कोणी सूचना द्यायची होती?

भारत सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. व्हेल शार्कला २००१ मध्ये वन्यजीव कायद्याचं संरक्षण मिळालं. गुजरातेत जो मासा पिंपं बांधून मारत, तोच आज मच्छीमार जाळं कापून सोडतात. २०१५ मध्ये सगळ्या जातींच्या शार्कच्या परांची निर्यात बंद झाली. महाराष्ट्राने २०१८ मध्ये योजना आणली, की संरक्षित प्राणी जाळ्यात अडकला आणि जाळं कापून सोडला तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. ही योजना मला पिंजऱ्याच्या कोणत्याही सहलीपेक्षा मोठी वाटते. कारण तिने संरक्षणाचा खर्च मच्छीमाराच्या खिशातून काढून सरकारच्या खिशात टाकला. पोर्ट लिंकनमध्येही मूळ गणित हेच आहे: जिवंत शार्कमुळे कोणाच्या तरी घरात पैसे येतात, म्हणून तो जिवंत आहे.

मुंबईच्या गढूळ पाण्यात पिंजरा टाकून काही दिसणार नाही, आणि वरळीच्या नाखव्याला ‘पर्यटन कर’ असं सांगण्यात अर्थ नाही. त्याला तर कोस्टल रोडच्या खांबांमधून बोट नेता यावी म्हणून वर्षानुवर्षं भांडावं लागलं. ६० मीटरचं अंतर १२० वर आणायला किती आंदोलनं झाली. पालघरला वाढवण बंदराच्या नावाने मच्छीमार रस्त्यावर आहेत. ज्या समुद्राला आपण सगळ्या बाजूंनी दाबतोय, त्यातल्या उरलेल्या मोरीचा दोष टोपली घेऊन बसलेल्या बाईच्या माथी मारणं मला सहन होत नाही.

मग करायचं काय? जाळं फाटल्याची भरपाई मिळते, पण कानमुशीचं पिल्लू जाळं फाडत नाही. आणि जाळं वर येईपर्यंत ते बहुतेकदा मेलेलं असतं. ते सोडून उपयोग नाही, ते अडकूच नये हे बघायला हवं. त्यासाठी पिल्लं कुठल्या खाडीच्या तोंडाशी, कुठल्या महिन्यात असतात हे कोळ्यांना विचारून नोंदवा. तेवढा पट्टा तेवढे आठवडे बंद ठेवा आणि त्या आठवड्यांची मजुरी द्या, जून-जुलैच्या बंदीत हातावर पोट असलेल्यांची होते तशी आबाळ न करता. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला. त्याची तपासणी भाऊच्या धक्क्यावर ट्रॉलर लागतो तिथे करा, बाजारात पाटीपाशी नको. एलईडी दिव्यांनी मासे ओढून घेणाऱ्या बोटींवर बंदी आहे, ती पाळली जाते का ते बघा.

आणि परदेशातल्या आपल्या माणसांना: पिंजऱ्यात जरूर उतरा, पण जायच्या आधी बोटवाल्याला विचारा आमिषाचे नियम कोणते, परवाना कोणाचा. फ्लेक घेताना तो कुठून आलाय ते दुकानदाराला विचारा. आणि मुंबईला सुट्टीवर गेलात की माहीमच्या बाजारात कोळणीला विचारा, ‘मावशी, यात कानमुशी आहे का?’ तिला माहीत असतं, आणि ती सांगतेही.