टीबीवाल्याच्या घरी तूरडाळ पोचवा

मी एकतीस वर्षं बेडके तपासले. शब्दाची किळस आली असेल तर पोस्ट इथेच सोडा, पुढे तो पुन्हा येणार आहे. लातूर जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत लॅब टेक्निशियन होतो, आता रिटायर आहे. काचेवर बेडक्याचा पातळ थर द्यायचा, लाल रंग ओतून खालून वाफ येईपर्यंत तापवायचं, आम्लानं धुवायचं, वर निळा रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. निळ्यात बारीक लाल काड्या दिसल्या की पॉझिटिव्ह. किती दिसल्या त्यावरून एक प्लस, दोन प्लस, तीन प्लस. आमची हुशारी इथवर.

शेजारच्या खोलीत पेशंटचं वजन व्हायचं. कशासाठी? तर गोळ्या किती द्यायच्या ते ठरवायला. नोकरीच्या शेवटी शेवटी रोजच्या गोळ्यांचा तक्ता आला होता, तो अजून पाठ आहे. २५ ते ३४ किलोला दोन, ३५ ते ४९ ला तीन, ५० ते ६४ ला चार, त्याहून जड असेल तर जास्त. हा तक्ता मोठ्या माणसांचा बरं का, पोरांचा वेगळा. मोठ्या माणसांचा तक्ता पंचवीस किलोपासून सुरू होतो याचं कुणालाच नवल वाटत नव्हतं. मलाही नाही. एखादी बाई एकतीस किलोची निघाली की आम्ही रजिस्टरला ३१ लिहायचो आणि दोन गोळ्यांची पाकिटं काढायचो. काम झालं.

हे सगळं वर आलं ते पुतण्यामुळे. तो एमडी करतोय. त्यानं मला झारखंडच्या एका अभ्यासाबद्दल पाठवलं आणि खाली लिहिलं, "काका, तुमच्या कामाचं आहे." अभ्यासाचं नाव रेशन्स. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, ऑगस्ट २०२३ मध्ये लॅन्सेट आणि लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या दोन मासिकांत छापून आलेला. म्हणजे अगदी ताजा नाही. पण आपल्याकडे त्याची चर्चा जेवढी व्हायला हवी होती तेवढी झालीच नाही, म्हणून लिहितोय.

झारखंडच्या चार जिल्ह्यांतले फुप्फुसाच्या टीबीचे २८०० पेशंट आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं. बहुतेक घरं गरीब, जवळपास दोन तृतीयांश माणसं आदिवासी. पेशंटला सगळीकडेच गोळ्यांबरोबर महिन्याला दहा किलोची शिध्याची पिशवी दिली: तांदूळ, भाजलेल्या हरभऱ्याचं सत्तू, दूध पावडर, तेल, शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या. फरक केला तो घरातल्या बाकीच्यांच्या बाबतीत. निम्म्या भागात त्यांनाही माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वं दिली, लहान मुलांना निम्मं. उरलेल्या भागात घरच्यांना नेहमीचंच. मग जवळपास दोन वर्षं त्या घरांवर लक्ष ठेवलं, की कुणाला टीबी होतोय.

ज्या घरांना शिधा नव्हता तिथल्या ४७०० च्या आसपास माणसांत १२२ जणांना टीबी झाला. ज्यांना शिधा होता तिथे माणसं जास्त, ५६०० च्या वर, आणि टीबी झालेले ९६. हिशेब मांडला तर एकूण टीबी ३९ टक्क्यांनी कमी. आणि जो खोकल्यातून दुसऱ्याला लागतो, ज्याच्या लाल काड्या बघण्यात माझा जन्म गेला, तो तपासणीत सिद्ध झालेला फुप्फुसाचा टीबी ४८ टक्क्यांनी कमी. लस नाही, नवं औषध नाही. डाळभात.

मी तो आकडा तीनदा वाचला.

पेशंटचं बघा. तिथल्या दर पाचातले चार पेशंट कुपोषित, जवळजवळ निम्मे तर अतिकुपोषित. आणि ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांचा मरण्याचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. पाच टक्के म्हणजे चाळीस किलोच्या माणसाला दोन किलो. आमच्याकडे ते दोन किलो वाढले की नाही हे रजिस्टरला कळायचं, पण कुणी विचारायचं नाही. विचारायचे ते बेडका निगेटिव्ह झाला का.

याला इतिहास आहे, आणि तो मला नोकरी संपल्यावर कळला ही माझीच लाज. १९५० च्या दशकात मद्रासला एक प्रसिद्ध चाचणी झाली. अर्धे पेशंट सॅनेटोरियममध्ये ठेवले: चांगलं अन्न, खाट, आराम. अर्ध्यांना घरीच गोळ्या, खाणं घरात असेल तेवढंच. १९५९ ला निकाल आला, की घरचे पेशंटही जवळपास तितकेच बरे होतात आणि घरच्यांना त्यांच्यापासून जास्त धोकाही होत नाही. निकाल खरा होता आणि फार मोठा होता. त्याच्यामुळे जगभर गरिबांना खाटेची वाट न बघता घरी उपचार मिळायला लागले. पण त्या निकालातून पुढे सगळ्यांनी सोयीचा अर्थ काढला, की खाण्याचं तेवढं काही नसतं, गोळ्या पुरेत. मुळात प्रश्न होता गोळ्यांनी जंतू जातो का. घरातल्या दुसऱ्या उपाशी माणसाला जंतू कधी धरतो, हा प्रश्न वेगळा.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ साली लॅन्सेटमध्येच एका जर्मन छावणीतल्या युद्धकैद्यांबद्दल छापून आलं होतं. ब्रिटिश आणि रशियन कैदी एकाच छावणीत. ब्रिटिशांना रेडक्रॉसची खाण्याची पार्सलं यायची, रशियनांना नाही. ब्रिटिशांत टीबी १.२ टक्के, रशियनांत १५ ते १९. छावणी तीच, थंडी तीच, जंतू तोच. म्हणजे हे माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. माहीत होतं, सिद्ध करून दाखवायला कुणी बसलं नव्हतं.

जंतू तर आपल्याकडे सगळीकडे आहे. देशव्यापी सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या साधारण दर तिघांतल्या एकाच्या अंगात टीबीचा जंतू सापडला. बहुतेकांच्या अंगात तो जन्मभर झोपून राहतो. उठतो कधी? अंगातली ताकद ढासळली की. एचआयव्ही, साखरेचा आजार, दारू, विडी ही कारणं आहेतच, पण आपल्या देशात सगळ्यात जास्त माणसांना लागू पडणारं कारण म्हणजे पोट.

आता माझी गोष्ट. एक ऊसतोडीचं घर होतं. सून आली पहिल्यांदा, तीन प्लस. दिवाळीनंतर कोयता घेऊन निघायच्या आधी आम्ही तिला गोळ्या बांधून दिल्या, दुष्काळी भागात हे दरवर्षीचं असतं. ती बरी झाली. पुढच्या वर्षी सासू आली खोकत. मग दोन वर्षांनी धाकटा दीर. एकाच घराच्या तीन काचा मी बघितल्या आणि तिन्ही वेळा मनात म्हटलं, तोंडाला फडकं लावत नसतील, एकाच खोलीत झोपत असतील. ते खरंही होतं. पण ती सून एकदा खिडकीशी थांबून म्हणाली होती, "भाऊ, गोळ्या खाल्ल्या की लय भूक लागायलीय. घरात सगळ्यांचं काढून मीच खायलेय असं वाटतंय." मी तिला काय सांगितलं असेल? अंडी खा, दूध पी. छापील कागदावर तेच होतं.

तिनं ज्यांच्या ताटातलं खाल्लं ते दोघं नंतर माझ्या खिडकीशी आले. हे मला पुतण्याचा कागद वाचेपर्यंत जोडता आलं नव्हतं. एका घराच्या गोष्टीवरून शास्त्र सिद्ध होत नाही, कबूल. दहा हजार माणसांवरून होतं.

सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत पेशंटच्या खात्यात महिन्याला ५०० रुपये, नोव्हेंबर २०२४ पासून १०००. आता पहिले ३००० निदान झाल्याबरोबर द्यायचे असा नियम आहे, तो चांगला आहे, कारण पहिले दोन महिनेच खरे. घरच्यांना पोषण किट देण्याचंही २०२४ साली ठरलं. पण कसं? निक्षय मित्रांमार्फत. म्हणजे कुणी दाता पुढे आला तर. दात्यांना माझा नमस्कार, काही डॉक्टर, शिक्षक, व्यापारी मनापासून करतात. पण गोळी मिळणं दात्यावर अवलंबून असतं का? मग डाळ का? आणि किट देतानाचा तो फोटो, पाच पाहुणे, एक पिशवी आणि मधे मान खाली घातलेला पेशंट. अजून आपल्याकडे टीबी लपवतात. मुलीचं लग्न मोडतं. ते फोटो बंद करा एवढं तरी करा.

पैशांबद्दल माझा पुतण्याशी वाद झाला. तो म्हणतो गरिबाला पैसे द्या, त्याचं त्याला कळतं. एरवी मीही तेच म्हणतो. पण पेशंट असलेल्या घरात रोजगार बुडालेला असतो, किराणावाल्याची उधारी साचलेली असते, एक्स-रेला तालुक्याला जायचं भाडं असतं. खात्यात आलेले पैसे आधी तिकडे जातात, आणि त्यात त्यांची चूक काही नाही. घरात आलेली डाळ शिजतेच. शिवाय अभ्यास झाला तो धान्यावर.

आणि यात एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटली. त्या घरच्यांना दिलेला तांदूळ माणशी पाच किलो. अन्न सुरक्षा कायद्यानं बहुतेक पात्र घरांना रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतंच. म्हणजे ती अर्धी पिशवी रेशन दुकानात आधीच तयार आहे! दुकान आहे, कार्ड आहे, अंगठ्याचं मशीन आहे. रेशनवर जे नाही ते आहे डाळ. टीबीची नोंद सरकारच्या निक्षय पोर्टलवर झाली की त्या घराच्या रेशनकार्डावर सहा महिने माणशी दीड किलो तूरडाळ चढवायची, एवढंच. नवं खातं नको, नवा उद्घाटन समारंभ नको. दुकानदाराला रोग कळू नये म्हणून कार्डावर कारण लिहायचं नाही, फक्त प्रमाण वाढवायचं.

तपासणीत आपण कुठल्या कुठे गेलो. मी काचा रंगवायचो, आता ट्रूनॅट नावाचं मशीन आहे, आपल्या गोव्यात बनतं, बॅटरीवर चालतं, तास-दोन तासांत जंतूही सांगतं आणि औषध लागू पडेल का तेही. हातात धरायचं एक्स-रे मशीन गावात जातं. याचा मला अभिमान आहे. लाखामागे नवे पेशंट २०१५ साली २३७ होते, २०२४ साली १८७ वर आले. घट खरी आहे. पण २०२५ पर्यंत टीबीमुक्त भारत म्हणालो होतो, आणि जगातल्या दर चार पेशंटमागे जवळपास एक अजून आपलाच आहे. आपण रोग शोधतोय जोरात. तो होऊच नये म्हणून ताटाकडे बघायचं राहिलं.

कुणी म्हणेल, खर्च? त्या अभ्यासात सुमारे ३० घरांना, म्हणजे १११ माणसांना शिधा दिला की एक टीबी टळला. टळलेला तो एक पेशंट म्हणजे सहा महिन्यांच्या गोळ्या, बुडालेला हंगाम, आणि त्याच्या खोकल्यातून पुढे लागणारे आणखी. औषधाला दाद न देणारा टीबी निघाला तर विचारायलाच नको.

मी लातूरचा. आमच्या गावाचं नाव देशभर निघतं ते डाळीच्या मिलांमुळे. सकाळी फिरायला जातो तेव्हा ट्रक भरत असतात. काल उभा राहून हिशेब केला. पेशंट सोडून घरात चार माणसं धरली तर महिन्याला सहा किलो, सहा महिन्यांचे छत्तीस. तिथला हमाल त्याहून जड पोतं एका खेपेत पाठीवर घेतो.