पहिल्या हंगामात गुणफलक नको

लहान मुलांना टॅग रग्बीतून टॅकलच्या रग्बीत आणताना पहिला संपूर्ण हंगाम गुणफलकाशिवाय, अंतिम सामन्याशिवाय आणि चषकाशिवाय खेळवावा, असे माझे ठाम मत आहे. भाच्याच्या निमित्ताने यंदा नागपुरातल्या एका मैदानावर आठ-नऊ वर्षांच्या मुलांचे असे सुरुवातीचे सामने पाहण्यात आले, इतर पालकांशी बोलणे झाले आणि या मताला विरोधही भरपूर झाला. म्हणून ते जरा सविस्तर मांडतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर टॅग रग्बीत मुलांच्या कमरेच्या पट्ट्याला दोन फिती लावलेल्या असतात आणि समोरच्याने त्यातली एक ओढली की पळणाऱ्याला थांबून चेंडू साथीदाराला द्यावा लागतो. अंगाला अंग लागत नाही. टॅकल आला की मात्र समोरच्याला मिठी घालून खाली आणायचे असते, आणि इथे मुलांच्या वागण्यात जो बदल होतो तो पाहण्यासारखा असतो. टॅगमध्ये मोकळी जागा शोधत सुसाट पळणारे मूल टॅकलच्या पहिल्या सामन्यात समोर शरीर दिसताच वेग कमी करते, पाठ फिरवते किंवा ताठ उभे राहते. टॅकल करणाऱ्याचेही तसेच होते. भीती वाटली की तो वाकत नाही, हात पुढे करून ताठ उभा राहतो आणि डोळे मिटतो. दोन ताठ उभी मुले एकमेकांवर आली की डोक्याला डोके लागण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. म्हणजे या वयात धोका प्रामुख्याने दांडगाईतून येत नाही, तो बिचकण्यातून येतो, आणि बिचकणे जायला वेळ द्यावा लागतो. गुणफलक नेमका हाच वेळ खातो. गुण हवे असले की चेंडू पुन्हा पुन्हा त्याच थोराड मुलाकडे जातो, तो सरळ पळत सुटतो, आणि उरलेली मुले सामना संपला तरी एकही नीट टॅकल न करता घरी जातात.

इंग्लंडमध्ये हा खेळ रुजलेला आहे, तरी तिथे घाई केलेली दिसत नाही. ७ आणि ८ वर्षांखालील मुले तिथे फक्त टॅग खेळतात. टॅकल ९ वर्षांखालील गटापासून सुरू होतो आणि तोही प्रत्येक संघात ७ खेळाडू ठेवून. स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांच्या खेळाडूंनी वाकून, एकमेकांत गुंतून चेंडूसाठी ढकलणे, नाही; लाइनआउट, म्हणजे चेंडू कडेबाहेर गेल्यावर दोन रांगांच्या मध्ये तो फेकणे, नाही; चेंडूला लाथ मारणे नाही. १० वर्षांखालील गटात ८ खेळाडू आणि ढकलाढकली नसलेला तिघांचा स्क्रम येतो. पुढे एकेक गोष्ट वाढत जाऊन १५ जणांचा पूर्ण संघ १४ वर्षांखालील गटात उतरतो. आपल्याकडे दूरदर्शनवर मोठ्यांचा सामना पाहून आलेल्या पालकांना स्क्रम नसलेली रग्बी बघून फसवल्यासारखे वाटते, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे.

आता कबड्डीविषयी, कारण नागपूरच्या मैदानावर ती आल्याशिवाय राहत नाही. ज्या विदर्भातल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनमध्ये कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले, तिथल्या मुलांना अंगाला अंग भिडण्याची सवय मुळातच असते आणि ती रग्बीत मोठी जमेची बाजू आहे. मी शाळेत आणि कॉलेजात कबड्डीच खेळलो, त्यामुळे हे अभिमानाने सांगतो. पण दोन सवयी मुद्दाम मोडाव्या लागतात. पहिली म्हणजे घोट्याची पकड. कबड्डीत चढाई करणारा अंदाज घेत, पाय मागेपुढे करत खेळतो, त्यामुळे त्याच्या घोट्यावर समोरून झेप घेता येते. रग्बीत समोरचा पूर्ण वेगात येत असतो. त्याच्या पायांवर समोरून डोके घालून झेपावणे म्हणजे त्याच्या गुडघ्यापुढे आपले तोंड नेऊन ठेवणे होय. इथे खांदा त्याच्या मांडीला किंवा कमरेला लागला पाहिजे, डोके त्याच्या शरीराच्या बाजूला, मागच्या अंगाला राहिले पाहिजे आणि मग दोन्ही हात घट्ट आवळले पाहिजेत. दुसरी सवय न सोडण्याची. कबड्डीत ३० सेकंदांची चढाई संपेपर्यंत जो सोडत नाही तो शूर. रग्बीत खेळाडू खाली आला की त्याला सोडावेच लागते, नाहीतर पंच शिट्टी वाजवतो. कबड्डीतून आलेली मुले पहिल्या सामन्यांत यासाठी सारखी दंड घेतात आणि आपण केलेली सुंदर पकड चुकीची कशी, या विचाराने अगदी रडकुंडीला येतात. गुणफलक चालू असला की अशा मुलाला बाहेर बसवतात. तो नसला की पंच खेळ थांबवून त्याला तिथल्या तिथे समजावून सांगू शकतो.

कबड्डीकडून एक गोष्ट मात्र आपण अवश्य उचलावी. आपल्या किशोर गटात वयाबरोबर ५५ किलोंची वजनमर्यादा असते, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला मुलांच्या रग्बीतही वजनावर आधारित गट आहेत. आठ-नऊ वर्षांच्या मुलांत एकाचे वजन दुसऱ्याच्या दीडपट असणे अजिबात दुर्मीळ नाही. तेव्हा शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख जुळली म्हणून त्या दोघांना समोरासमोर उभे करणे मला पटत नाही.

मैदानाचाही प्रश्न आहेच. आपल्याकडची बहुतेक मैदाने मुरमाची आणि फेब्रुवारी सरता सरता दगडासारखी टणक होणारी, त्यामुळे टॅकल करण्याआधी पडायला शिकवणे भाग आहे: हनुवटी छातीला, चेंडू पोटाशी, आणि अंग टेकवायचे ते मांडी, कुल्ला, खांदा या क्रमाने. हात लांब करून पडणारे मूल मनगट किंवा गळ्याजवळचे हाड मोडून घेते. आधी दोघांनी गुडघ्यांवर बसून, मग एकाने चालत, मग हळू पळत असा सराव चांगले प्रशिक्षक करून घेतात. तो कंटाळवाणा दिसतो, पण तो चुकवून चालत नाही.

मुळात टॅकलच नको, असे म्हणणाऱ्यांची बाजू मी हलकी मानत नाही. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या ७० हून अधिक डॉक्टरांनी आणि अभ्यासकांनी शाळांमधल्या रग्बीत टॅकलवर बंदी घालावी, असे खुले पत्र सरकारला लिहिले होते. तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ती मागणी मान्य केली नाही, तरी प्रश्न मिटलेला नाही; २०२३ पासून इंग्लंडमधल्या क्लब पातळीवरच्या आणि शालेय रग्बीत टॅकलची कायदेशीर उंची खांद्यावरून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत आणली गेली, ती उगीच नव्हे. माझे म्हणणे इतकेच की टॅकल पुढे कधीतरी येणारच असेल, तर तो चौदाव्या वर्षी वाढलेल्या वजनासह आणि वेगासह प्रथमच शिकण्यापेक्षा नवव्या वर्षी, कमी वेगात आणि कमी गर्दीत शिकणे बरे.

डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला तरी मुलाला ताबडतोब बाहेर काढायचे आणि त्या दिवशी पुन्हा खेळू द्यायचे नाही, हा नियम जगभर मानला जातो. ब्रिटनच्या २०२३ च्या मार्गदर्शनानुसार तर किमान २१ दिवस सामना खेळता येत नाही. आता अशी कल्पना करा की सामना बरोबरीत आहे, संघातला सर्वांत चांगला मुलगा धडकून उठला आहे, जरा भिरभिरल्यासारखा दिसतो आहे, आणि कडेने कोणी काका ओरडत आहेत, "काही नाही झालं बे त्याले, खेळू दे!" प्रशिक्षक सज्जन असला तरी त्या क्षणी त्याच्यावर येणारे दडपण खरे असते. हे दडपण आपण मोठ्यांनीच तिथे आणून ठेवलेले असते. ओरडण्याविषयी वेगळे काय लिहायचे; "पाड न त्याले" हे वाक्य आठ वर्षांच्या मुलाला उद्देशून एखादी आजी म्हणते तेव्हा हसू येते, चारजण एका सुरात म्हणतात तेव्हा येत नाही.

येत्या हिवाळ्यात पुन्हा सामने भरवायचे घाटते आहे, तेव्हा माझी सूचना अशी आहे. निकाल लिहायचाच असेल तर गुणांऐवजी प्रत्येक मुलाने डोके योग्य बाजूला ठेवून किती टॅकल केले आणि खाली आणल्यावर वेळेत सोडले की नाही, हे लिहावे. वही घेऊन बसायला मी तयार आहे. फक्त दोन्ही बाजूंच्या सात-सात मुलांवर एकट्याने लक्ष ठेवणे जमणार नाही, त्यामुळे आणखी दोघा-तिघा पालकांनी आपली नावे कळवावीत.