‘सेवेला पुरस्कार कशाला?’ या फॉरवर्डला मुद्द्याला मुद्दा उत्तर

१२ मे, म्हणजे आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन, जवळ आला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो, आणि एरवीसुद्धा एखाद्या सीनियर नर्सला नाहीतर नर्सिंग शिकवणाऱ्या प्राध्यापिकेला जीवनगौरव वगैरे मिळाला की तो परत वर येतोच. मेसेज लांबलचक आहे पण म्हणणं थोडक्यात असं: नर्सिंग ही सेवा आहे, सेवेला पुरस्कार लागत नाही. नर्स डॉक्टरांनी सांगितलेलं करते, त्यात ‘मोठी कारकीर्द’ कसली. वॉर्ड सोडून कॉलेजात शिकवायला गेलेल्यांना सन्मान देणं म्हणजे रात्रंदिवस राबणाऱ्या खऱ्या नर्सेसचा अपमान. नर्सिंग अनुभवाने येतं, डिग्रीने नाही. काम टीमचं असतं, मग नाव एकीचंच का. आणि शेवटी, पुरस्कार नको, पगार द्या, स्टाफ द्या.

हा मेसेज पाठवणाऱ्यांत माझ्या ओळखीच्या नर्सेसही आहेत आणि त्यांच्या मनात वाईट काही नसतं, उलट नर्सच्या बाजूने बोलतोय असंच त्यांना वाटत असतं. पण मुद्दे एकेक करून बघितले तर त्यात नर्सचं नुकसानच जास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

“नर्सिंग ही सेवा आहे, सेवेला पुरस्कार लागत नाही.”

सेवा आहेच, कोण नाही म्हणतंय. पण नुसतं ‘सेवा’ म्हटलं की काय होतं बघा, त्यातलं शिक्षण, निरीक्षण, निर्णय, वर्षानुवर्षं घासून आलेलं कौशल्य सगळं झाकलं जातं आणि उरतो फक्त चांगला स्वभाव. चांगल्या स्वभावाने औषधाचा डोस तपासला जात नाही आणि सेप्सिस, म्हणजे इन्फेक्शनमुळे सगळ्या शरीरात होणारा जीवघेणा बिघाड, लवकर ओळखू येत नाही.

शिवाय नर्सिंगचा इतिहासच या मुद्द्याच्या विरोधात आहे. क्रिमियन युद्धात फ्लोरेन्स नाइटिंगेलचं काम बघून १८५५ मध्ये लोकांनी तिच्या सन्मानार्थ निधी उभा केला, नाइटिंगेल फंड. तो तिच्यासाठीच होता, पण त्यातून तिने १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये नर्सिंगची शाळा काढली, आणि तिथे शिकलेल्या नर्सेस पुढे वेगवेगळ्या देशांत जाऊन हॉस्पिटलं चालवायला लागल्या. म्हणजे आधुनिक नर्सिंगचं शिक्षण उभं राहिलं तेच एका नर्सला मिळालेल्या सन्मानाच्या पैशातून. तेव्हा जर लोक म्हणाले असते की सेवेला कशाला काही द्यायचं, तर ती शाळा कुठून आली असती?

पुढे १९१२ मध्ये रेडक्रॉसने तिच्या नावाचं पदक ठरवलं, १९२० मध्ये ते पहिल्यांदा दिलं गेलं आणि अजूनही दर दोन वर्षांनी दिलं जातं. युद्धात किंवा आपत्तीत जखमींची, आजाऱ्यांची काळजी घेताना दाखवलेलं धैर्य हा त्याचा मूळ गाभा. पण १९९१ मध्ये नियम बदलले, आणि सार्वजनिक आरोग्य आणि नर्सिंगचं शिक्षण यात नवी वाट पाडणारं कामही त्या पदकासाठी धरलं जाईल असं त्यात लिहिलं गेलं. पुरुष नर्सेसनाही हे पदक खुलं झालं ते याच नियमांनी. म्हणजे शिकवणाऱ्यांचा सन्मान ही काही कुणीतरी आत्ता काढलेली टूम नाही.

“नर्स डॉक्टरांनी सांगितलेलं करते.”

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो. कारण पेशंटजवळ चोवीस तास नर्स असते, डॉक्टर राउंडला येतात आणि जातात, मग त्या मधल्या वेळात जे दिसतं ते बघणार कोण आणि त्याचा अर्थ लावणार कोण?

१९५६ ची गोष्ट आहे, इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या रोचफर्डच्या हॉस्पिटलची. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या युनिटच्या इन्चार्ज होत्या सिस्टर वॉर्ड. ऊन चांगलं असलं की त्या बाळांना बाहेर अंगणात नेत, मोकळी हवा मिळावी म्हणून. एके दिवशी राउंडच्या वेळी त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं, अंगावरची कावीळ फिकट झालेली आणि फक्त एक त्रिकोणी पट्टा गडद पिवळा राहिलेला. चादरीचा कोपरा अंगावर होता तेवढीच जागा उन्हापासून झाकलेली राहिली होती. पुढे उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नमुन्यातही बिलिरुबिन, म्हणजे काविळीत अंग पिवळं करणारं द्रव्य, कमी भरलं, मग प्रयोग झाले, आणि १९५८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रकाशाने कावीळ उतरते हा पेपर आला. आज जगात कुठल्याही नवजात विभागात बाळ निळ्या लाइटखाली ठेवलेलं दिसतं त्याची सुरुवात ही. पेपरवर नावं क्रेमर, पेरीमन आणि रिचर्ड्स यांची आहेत, सिस्टर वॉर्ड लेखकांच्या यादीत नाहीत. त्यांचं निरीक्षण आपल्याला माहीत आहे कारण नंतर कुणीतरी ते लिहून ठेवलं. अशी किती निरीक्षणं कुणीच लिहून न ठेवल्यामुळे गेली असतील, याचा विचार केला की मला खरंच वाईट वाटतं, आणि म्हणूनच सन्मान ही माझ्या दृष्टीने नोंद ठेवायची गोष्ट आहे. कुणी काय केलं ते नावानिशी लिहिलं जातं.

दुसरं उदाहरण डोरीन नॉर्टन. ही ब्रिटिश नर्स, १९६२ मध्ये तिने सहकाऱ्यांबरोबर वृद्ध पेशंट्सवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यातून बेडसोअरचा, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांचा, धोका आधीच ओळखायची मोजपट्टी आली, शारीरिक अवस्था, मानसिक अवस्था, हालचाल, स्थिती बदलायची क्षमता आणि लघवी-शौचावरचा ताबा अशा पाच गोष्टींना १ ते ४ मार्क द्यायचे, २० पैकी १४ किंवा कमी आले की पेशंट धोक्यात. इतकं साधं आणि इतकं उपयोगी. तोवर पाठीला काय काय चोळलं जायचं, ज्याला काही आधार नव्हता. आता सांगा, यात कुणाची ऑर्डर पाळली गेली?

आणि हिल्डगार्ड पेप्लो. नर्स आणि पेशंटच्या नात्यावरचं, मानसोपचार नर्सिंगचा पाया घालणारं तिचं पुस्तक १९४८ च्या सुमाराला लिहून तयार होतं पण छापलं गेलं १९५२ मध्ये, कारण डॉक्टर सहलेखक नसताना नर्सने एकटीने पुस्तक लिहायचं हेच तेव्हा लोकांना पटत नव्हतं. मेसेजमधला हा मुद्दा तेव्हापासूनचा आहे, आणि तेव्हाही चूकच होता.

“वॉर्ड सोडून शिकवायला गेलेल्यांना कशाला?”

मेसेजचा हा नियम लावला तर पहिली बाद होईल ती नाइटिंगेलच. क्रिमियाच्या युद्धकाळात ती होती १८५४ च्या नोव्हेंबरपासून १८५६ च्या उन्हाळ्यापर्यंत, दोन वर्षंसुद्धा पूर्ण नाहीत. त्यानंतरची पन्नासेक वर्षं, बराचसा काळ स्वतः आजारी असताना, तिने केलं काय तर आकडेवारी मांडली, अहवाल लिहिले, हॉस्पिटलं कशी बांधायची ते सांगितलं, शाळेतल्या नर्सेसना पत्रं लिहिली. १९०७ मध्ये तिला ऑर्डर ऑफ मेरिट हा ब्रिटिश सन्मान मिळाला, तो मिळवणारी ती पहिली स्त्री. ‘खरी नर्स वॉर्डातच’ म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. त्याच १९०७ मध्ये अ‍ॅडलेड नटिंग कोलंबिया विद्यापीठात प्रोफेसर झाली, जगातली नर्सिंगची पहिली प्रोफेसर.

शिकवणाऱ्यांचं काम दिसत नाही याचं कारण ते दुसऱ्यांच्या हातातून होतं. साधा हिशेब करा, समजा एका ट्यूटरने दरवर्षी ४० जणींची बॅच शिकवली आणि २५ वर्षं शिकवली, तर १००० नर्सेस झाल्या, आणि त्यातली प्रत्येक जण पुढे किती वर्षं, किती पेशंट बघणार. माझ्या एक ट्यूटर होत्या, श्वास मोजायचा म्हणजे पूर्ण एक मिनिट मोजायचा यावर अडून बसायच्या. आम्ही सगळ्या घाईत चार्टवर अंदाजाने १८ नाहीतर २० लिहून टाकायचो, त्या स्वतः येऊन परत मोजायच्या आणि आकडा जुळला नाही की चार्ट परत. नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरून ठेवायचं आणि नजर छातीवर, कारण आपला श्वास मोजतायत हे कळलं की पेशंटचा श्वास बदलतो, हे त्यांनीच शिकवलं. पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा ब्लडप्रेशर पडायच्या आधी श्वासाचा वेग वाढतो, हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण सवय लागली ती बाईंमुळे, आणि त्या सवयीने वॉर्डात आम्हाला किती पेशंट वेळेत सापडले याची नोंद त्यांच्या नावावर कुठेच नाही. त्या वॉर्ड सोडून गेल्या होत्या असं मला कधीच वाटलं नाही.

आणि क्लिनिकल पोस्टिंगला विद्यार्थिनींबरोबर बेडशेजारी उभं राहणारी शिक्षिका वॉर्डातच असते, हेही मेसेज लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

“नर्सिंग अनुभवाने येतं, डिग्रीने नाही.”

अनुभवाशिवाय येत नाही हे बरोबर. पॅट्रिशिया बेनरने १९८४ मध्ये नवशिकी ते तज्ज्ञ अशा पाच पायऱ्या मांडल्या त्या अनुभवावरच उभ्या आहेत. पण ‘डिग्रीने नाही’ हे उरलेलं अर्धं वाक्य चुकीचं आहे आणि हे तपासून झालंय. लिंडा एकेन, स्वतः नर्स, तिच्या टीमने पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांमधला सर्जरीच्या पेशंट्सचा डेटा बघितला. २००३ चा निष्कर्ष: पदवीधर नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे पेशंट दगावण्याची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी कमी. मग २०१४ मध्ये युरोपातल्या ९ देशांत ३०० हॉस्पिटलं आणि ४ लाखांहून जास्त पेशंट घेऊन परत बघितलं, तिथे ही घट ७ टक्के आली. हे अभ्यास संबंध दाखवतात, हॉस्पिटलांमधले इतर फरक शक्य तितके धरून केलेले आहेत, आणि वेगवेगळ्या देशांत तेच दिसतंय. तेव्हा शिक्षण वाढवण्यात आयुष्य घालवलेल्या बायकांना (आणि पुरुषांनाही) ‘डिग्रीवाल्या’ म्हणून हिणवणं बंद करा.

इथे व्हर्जिनिया हेंडरसनचं नाव घ्यायलाच हवं. माणसाकडे ताकद, इच्छा किंवा माहिती असती तर त्याने जे स्वतःचं स्वतः केलं असतं त्यात त्याला मदत करायची, आणि ती अशी की तो लवकरात लवकर परत स्वतःच्या पायावर उभा राहील, हे नर्सचं काम, अशी व्याख्या तिने दिली, जी अजून पहिल्या वर्षाला शिकवतात. पण तिने आणखी एक किचकट काम केलं, १९०० ते १९५९ या काळातलं नर्सिंगवरचं संशोधनाचं लिखाण शोधून त्याची चार खंडांची सूची तयार केली. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेचं क्रिस्टियन राइमन पारितोषिक १९८५ मध्ये पहिल्यांदा दिलं गेलं ते तिलाच, तेव्हा ती ऐंशीच्या पुढे होती.

“काम टीमचं असतं.”

असतंच. ज्यांचा खरोखर सन्मान व्हायला हवा त्या नर्सेस भाषणात आधी टीमचंच नाव घेतात. एकीचं नाव घेतल्याने बाकीच्यांचं काम पुसलं जात नाही, कुणाचंच नाव न घेतल्याने मात्र सगळ्यांचं पुसलं जातं.

“पुरस्कार नको, पगार द्या, स्टाफ द्या.”

यातलं मागणं शंभर टक्के योग्य आहे आणि त्यात मी पाठवणाऱ्यांच्या बरोबर आहे. एका नर्सवर दहा-बारा पेशंट टाकायचे आणि वर्षातून एकदा फुलं द्यायची, हे चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालात जगात २ कोटी ७९ लाख नर्सेस आणि ५९ लाखांची कमतरता होती. चूक आहे ती ‘किंवा’मध्ये, जणू सन्मान बंद केला की पगार वाढणार आहे. सन्मान बंद झाल्यामुळे पगार वाढला असं एकही उदाहरण मेसेजमध्ये दिलेलं नाही.

उलट स्टाफ मागायला आपल्या हातात जो सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो दिला कुणी? परत एकेनच्याच टीमने. २००२ मध्ये त्यांनी दाखवलं की एका नर्सवर एक पेशंट वाढला की सर्जरीनंतर ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसते. आज जगभरात नर्स-पेशंट प्रमाणासाठी भांडणाऱ्या संघटना हाच आकडा पुढे करतात. कॅलिफोर्नियात १९९९ मध्ये कायदा झाला आणि २००४ पासून प्रमाण लागू झालं, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये २०१६ मध्ये लागू झालं आणि तिथे नंतर झालेल्या अभ्यासात मृत्यू आणि पुन्हा भरती होणं कमी झालेलं दिसलं. विद्यापीठात बसलेल्या, मेसेजच्या भाषेत ‘वॉर्ड सोडून गेलेल्या’ नर्सेसनी वॉर्डातल्या नर्ससाठी केलेलं हे काम आहे. आणि स्टाफ वाढवायचा म्हणजे आधी शिकवणारे हवेत, शिक्षक नाहीत म्हणून पात्र विद्यार्थ्यांचे हजारो अर्ज परत पाठवले जातात ही गोष्ट अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातसुद्धा घडतेय.

एक तक्रार मात्र माझीही आहे, ती सन्मान देणाऱ्यांकडे. मानपत्रं वाचा, सगळीकडे तेच, मायेचा स्पर्श, त्यागमूर्ती, हसतमुख. ज्या बाईंनी इन्फेक्शन कंट्रोलचे नियम लिहिले, नवीन पोस्ट-बेसिक कोर्स सुरू केला, हँडओव्हरची, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या नर्सला द्यायची, पद्धत बदलली, त्यांच्याबद्दल हसतमुख एवढंच कळतं. त्यापेक्षा लिहा की कुठल्या वर्षी काय सुरू केलं, त्याआधी काय व्हायचं आणि नंतर काय बदललं, कुठल्या विषयात किती बॅचेस शिकवल्या, कुठल्या विद्यार्थिनी आज कुठे काम करतायत. आणि हे त्या रिटायर होण्याआधी गोळा करा, त्यांच्याकडूनच विचारून घ्या, कारण जुनी रजिस्टरं रद्दीत जातात आणि बरोबरच्या सिस्टर बदली होऊन पांगतात, मग माहिती देणारं कुणी उरत नाही.