१५० रुपयांचं लीड आणि मिरजेच्या सिस्टर

शाखेबाहेर चहाला उभं राहिलं की हल्ली नवी पोरं एकच विचारतात, "काका, लीड विकत घ्यावं का?" आम्ही विमा एजंट, आणि लीड म्हणजे विमा घेईल असं वाटणाऱ्या माणसाचं नाव-नंबर. प्रत्येकाला तोंडी सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहितो. मी घेतलंय. पैसे माझेच गेलेत, त्यामुळे बोलायचा हक्क आहे.

जानेवारीतली गोष्ट. क्लबसाठी (वर्षात ठरावीक धंदा करणाऱ्या एजंटांचं मानाचं सदस्यत्व) नऊ पॉलिसी कमी पडत होत्या आणि मार्च तोंडावर आला होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून सरेंडरचे, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी मोडण्याचे, नवे नियम आले आणि आमच्या पहिल्या वर्षाच्या कमिशनला कात्री लागली, म्हणजे तेवढ्याच पैशांसाठी पायपीट जास्त. अशात लीड विकणाऱ्या एका कंपनीतून फोन आला. "सर, विम्यावरचा जीएसटी गेलाय, डिमांड प्रचंड आहे, लोक स्वतःहून फॉर्म भरतायत." जीएसटी गेला हे खरंच आहे, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर तो लागत नाही. एक खरं वाक्य पुढं करायचं आणि त्याच्या आडून बाकीचं खपवायचं, ही खोड तर आमच्याच धंद्यातली. एकोणीस वर्षं काढून मला ती ओळखता आली नाही. १०० लीड, एक १५० ला. पंधरा हजार, वर १८ टक्क्यांनी २,७०० जीएसटी (त्यांचा काही गेला नव्हता), एकूण १७,७००. बिल अजून यायचंय.

दुसऱ्या दिवशी एक्सेल शीट आलं. नाव, नंबर, वय, उत्पन्न आणि शेवटच्या रकान्यात सगळ्यांपुढं एकच मजकूर: इंटरेस्टेड, टर्म प्लॅन (माणूस गेला तरच पैसे देणारा साधा विमा), १ कोटी. सांगली जिल्हा मागितला होता, तर सात जण सांगोल्याचे निघाले. सांगोला सोलापूर जिल्ह्यात आहे हे त्या कंपनीच्या कॉम्प्युटरला कुणी सांगितलं नसावं. आठ नंबर दोनदा होते, एकदा नाव आधी, एकदा आडनाव आधी. म्हणजे मुळात ९२. त्यातले ३१ लागलेच नाहीत.

जे लागले त्यांनी काय भरलं होतं? कुणी पर्सनल लोनचा फॉर्म, कुणी मोफत हेल्थ चेकअपचं कूपन. एका गृहस्थांनी मुलाला मोबाईल दिला होता, त्या पोरानं गेम खेळता खेळता कुठंतरी 'ओके' दाबलं. विमा हवा म्हणून फॉर्म भरणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांना माझ्याआधी फोन गेलेले. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर काम करणारा एक मुलगा फार सरळ बोलला. "काका, तुम्ही सहावे. पाचवे म्हणालेत, 'पहिला हप्ता मी भरतो.' तुमचं काय?"

हे वाक्य मी नव्या पोरांना मुद्दाम ऐकवतो, कारण लीडच्या धंद्याची सगळी मेख त्यात आहे. एकच नाव सहा जणांना विकलं की त्या माणसापुढं लिलाव मांडला जातो. प्लॅन सगळ्यांचे साधारण सारखे, मग बोली कशाची? रिबेटची, म्हणजे आपल्या कमिशनातून ग्राहकाला सवलत द्यायची. त्याला कायद्यानं बंदी आहे: विमा कायदा १९३८, कलम ४१, दंड दहा लाखांपर्यंत. प्रपोजल फॉर्मवर छापलेलं असतं, आपण सही घेताना त्यावर बोट ठेवत नाही इतकंच. बरं, पहिल्या वर्षीच कमिशन परत दिलं, वर लीडचे पैसे गेले, तर दुसऱ्या वर्षी त्या घरी जायला एजंटाच्या गाडीत पेट्रोल कशाचं असणार? तो जात नाही. हप्ता थकतो, पॉलिसी लॅप्स होते, आणि माणूस गावभर सांगतो की विमा म्हणजे फसवणूक.

त्या शंभरातून मला दोन पॉलिसी मिळाल्या. एक फ्री लूकमध्ये, म्हणजे पॉलिसी पटली नाही तर परत करायच्या मुदतीत, परत गेली. पूर्वी १५ दिवस असायचे, आता ३० आहेत, आणि ग्राहकाच्या दृष्टीनं ते उत्तमच आहे. माझ्या ग्राहकाला एकविसाव्या दिवशी कुणीतरी जास्त सवलत देणारा भेटला. दुसरी टिकली. तिचं कमिशन आणि माझे १७,७०० यांचा हिशोब बायकोला अजून दाखवलेला नाही.

पैशांपेक्षा मला भीती वाटली ती नंबरची. ट्रायनं (दूरसंचार नियामक) ऑगस्ट २०२४ मध्ये मोबाईल कंपन्यांना सांगितलंय की नोंदणी नसताना असे जाहिरातीचे फोन करणाऱ्यांच्या सगळ्या लाइनी तोडा आणि त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाका. फेब्रुवारी २०२५ पासून नियम आणखी कडक झाला, दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाई. मी एका आठवड्यात साठेक अनोळखी लोकांना फोन केले, तेही रोजच्या नंबरवरून. त्यातले पाच जण चिडून १९०९ या तक्रारीच्या नंबरवर गेले असते तर? माझा हा नंबर एकोणीस वर्षांच्या कॅलेंडरांवर आहे. कवलापूरपासून जयसिंगपूरपर्यंत कुणाच्या देवघराशेजारी, कुणाच्या पिठाच्या डब्यामागं लटकलाय. रात्री दोनला कुणाचा माणूस गेला तर त्या कॅलेंडरवर बघून फोन येतो.

आता सिस्टरांचं.

शीटवरचा ५८ वा नंबर लावला आणि माझ्याच मोबाईलवर नाव उमटलं: 'सिस्टर मिरज मनीबॅक'. आम्ही एजंट लोक नंबर असेच सेव्ह करतो. कट करायच्या आत तिकडून आवाज. "दादा? आता आठवण झाली होय?"

२०१२ मध्ये त्यांची मनीबॅक, म्हणजे मधे मधे पैसे परत देणारी पॉलिसी, मी केली होती. मिरजेत हॉस्पिटलात नर्स आहेत. गेल्या वर्षी फ्लॅट घेतला, कर्ज मोठं झालं, नवऱ्याचं काम कंत्राटी. म्हणून टर्म प्लॅन घ्यावा असं त्यांच्या मनात आलं. मला दोनदा फोन केला होता. एकदा मी लग्नात होतो, एकदा 'करतो नंतर' म्हणालो. मग त्यांनी मोबाईलवर कुठंतरी प्रीमियम किती पडतो ते बघितलं आणि पुढं जायचं तर नंबर टाका म्हणाले, म्हणून टाकला. "तेव्हापासून दिवसाला चार-चार फोन, दादा. नाइट करून झोपले की वाजलाच. तुम्ही पण त्यातलेच झालात का?"

मी खोटं बोललो. "नाही नाही, सहज केला." शीट समोर होतं. ज्या बाईनं मला स्वतःहून दोनदा फोन केला, जिचा नंबर माझ्या डायरीत तेव्हापासून आहे, तिचं नाव मी १५० रुपयांना विकत घेतलं होतं. ती लीड झाली कारण मी गेलो नाही. शनिवारी घरी गेलो. टर्म त्यांनी आधीच दुसऱ्याकडून काढला होता. चहा दिला, मनीबॅकवर नॉमिनी अजून आईच आहे, तो बदलायचा फॉर्म भरून घेतला.

नव्या पोरांना मी नावं ठेवत नाही. त्यांना भरती करताना सांगतात, शंभर ओळखीची नावं लिहून आणा. मामा, आत्या, शाळेतले सर, सगळे सहा महिन्यांत संपतात. एजंट भरती करणाऱ्या विकास अधिकाऱ्याला टार्गेट असतं, पोराला हप्त्यावर घेतलेल्या गाडीचा ईएमआय असतो. मग तो लीडकडं जाणारच. चुलत्याच्या गळ्यात नको असलेली एंडोमेंट (बचतीची पॉलिसी) मारण्यापेक्षा अनोळखी माणसाला फोन करणं मला तरी जास्त सभ्य वाटतं. घेणारच असाल तर विकणाऱ्याला विचारा: या माणसानं कधी, कुठं, कशासाठी नंबर दिला आणि हे नाव तुम्ही किती जणांना विकताय? उत्तर लेखी मागा. मी नंतर मागितलं, तर त्यांनी मला ब्लॉक केलं. आणि 'तीन हजारांत पाच लाख नावं, गाडीच्या नंबरासकट' असले व्हॉट्सॲपवरचे पेनड्राइव्हवाले येतात त्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. ती नावं कुठून तरी चोरलेली असतात. २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा नीट लागू झाला की २५० कोटींपर्यंतच्या दंडाची भाषा आहे.

मी काय करतोय म्हणाल तर, जुन्या डायऱ्या काढल्यात. बंद पडलेल्या, पेड-अप झालेल्या (हप्ते थांबले तरी कमी रकमेनं टिकलेल्या) पॉलिसींची यादी केली, ४१ नावं. गेल्या रविवारपासून अकरा घरं झाली. तिघांनी दारातूनच घालवलं. एका घरी दार सुनेनं उघडलं. आजोबा दिवाळीतच गेले. सात वर्षं हप्ते भरून त्यांनी थांबवलेली पॉलिसी होती, रक्कम फार नाही, पण ती आहे हेच घरात कुणाला माहीत नव्हतं. बॉण्ड, म्हणजे पॉलिसीचा कागद, धान्याच्या कोठीमागच्या ट्रंकेत सापडला, कडा वाळवीनं खाल्लेल्या.

उद्या सकाळी त्यांचा क्लेमचा फॉर्म भरायचाय, मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून आणायचाय. त्यामुळं कॉमेंटना उत्तरं संध्याकाळनंतर.