प्लास्टरनंतरची प्रत्येक कळ साधी नसते

‘प्लास्टरनंतर दोन-तीन दिवस दुखणारच, काळजी नको’ हे तुमच्या प्लास्टरवरच्या लेखातलं वाक्य खटकलं. इथे नागपूरला सक्करदऱ्यात माझा भाचा सायकलवरून पडला, मनगटाजवळ हाड मोडलं. प्लास्टर झालं, पण गोळी देऊनही पोट्टा रात्रभर तळमळत होता. बोटं टम्म सुजलेली. करंगळी आपण जरा सरळ केली की किंचाळायचा. रात्री दोनला मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं, तिथे आधी प्लास्टर पूर्ण चिरलं. हात वाचला.

आत सूज वाढून दाब चढला की स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो आणि साधारण ६ तासांत ते कायमचे मरू लागतात. फार उशीर झाला तर हात कापायचीही वेळ येते. आणि नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका हो, ती बरीच उशिरापर्यंत लागते. लेखात हे हवंच होतं.