शंभर रुपये कमी केले, त्याचा एक स्टार

नमस्कार साहेब,

नारायण पेठेतल्या बोळात गाडी रिव्हर्स घेताना दुकानाची काच फुटली, बिल आलं ८२ हजारांचं आणि विमा कंपनीने ६ हजार देऊन हात वर केले. "हप्ता घेताना गोड बोलतात, कव्हर किती ते सांगत नाहीत. १ कोटीचं सांगितलं असतं तर तेही घेतलं असतं," असं आमच्या विमा एजन्सीला एक स्टार देताना तुम्ही रिव्ह्यूत लिहिलंय.

वाचल्यावर फाइल काढली. कोटेशन बघून तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं होतं, "अजून थोडं कमी करा की." आमच्या ऑफिसातल्या मुलाने फॉर्ममधल्या एका चौकटीत टिक केली आणि १०० रुपये कमी करून दिले. ती चौकट दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची. एरवी खाजगी कारला त्यासाठी साडेसात लाखांचं कव्हर असतं, टिक केली की थेट ६ हजारांवर येतं. हा आकडा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातला. आज त्यात पेठेतल्या दुकानाचं शटरही रंगवून व्हायचं नाही. मुलाने तुम्हाला विचारलं नाही आणि पॉलिसी पाठवण्याआधी मी बघितली नाही. चूक आमचीच.

१ कोटीचं मात्र माझ्याकडे विकायला नव्हतंच. माणूस दगावला किंवा जखमी झाला तर थर्ड पार्टीला, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीच्या विम्याला, रकमेची मर्यादाच नसते. मोटार अपघात न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई. त्याचा हप्ताही सरकारी दराने. जून २०२२ च्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या कारला ३,४१६ रुपये आहेत. तिथे घासाघीस होत नाही, म्हणून ती अशा चौकटींवर होते.

"फक्त थर्ड पार्टी मागितलं तर फुल पॉलिसी गळ्यात मारली," म्हणजे आपल्या गाडीचंही कव्हर असलेली, हे मात्र मान्य नाही. तुम्हीच म्हणाला होतात, दर महिन्याला आईंना घेऊन वाईला जाता. नुसत्या थर्ड पार्टीत आपल्याच गाडीत बसलेल्या घरच्या माणसांना भरपाई मिळत नाही. गाडी जुनी आहे हो, आई गाडीत आहेत ना? पुन्हा आलात तरी मी हेच सांगेन. (तुमच्या बंपरचे पैसेही त्याच पॉलिसीतून मिळाले, ते रिव्ह्यूत राहिलं.)

आणि "दुसरा एजंट कमिशनमधून परत देतो" म्हणालात, त्याला विमा कायद्याच्या कलम ४१ ची बंदी आहे. नाहीतर ते १०० रुपये मीच खिशातून भरले असते.

आता पुढचं. टिक काढून साडेसात लाखांचं कव्हर करण्यासाठी कंपनीकडे अर्ज तयार केलाय, तुमची सही हवी. झालेल्या नुकसानीला ते लागू होणार नाही. काचवाल्याच्या बिलात न फुटलेल्या दोन काचाही धरल्यात, फोटोत त्या शाबूत दिसतात. दुकानदाराशी बोलायला मी बरोबर येतो.

आमच्याविरुद्ध तक्रार करायची असेल तर चॅट आणि फॉर्मची प्रत मीच देतो. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा; महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विम्याच्या तक्रारी ऐकणारे विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही. कार्यालय न. चिं. केळकर रस्त्यावर आहे, काच फुटली तिथून चालत जाता येईल. गाडी नेऊ नका, पार्किंग मिळत नाही.