पाच अठरांश की अठरा पंचमांश

काल रात्री हुमणात, म्हणजे माशाच्या कालवणात, हात बुडालेला असताना आमची बाय वही घेऊन आली, "बाबा, एकच राहिलंय, ४५ किलोमीटर पर अवर म्हणजे किती मीटर पर सेकंद?" आणि मी, जो शाळेत गणितात जेमतेम पास झालो होतो, तोंडातला काटा काढता काढता म्हटलं, सोप्पं आहे गे, अठरा पंचमांशने गुण. तिने गुणलं. १६२ आलं.

४५ हा आमच्या स्कूटरचा स्पीड, चोडण बेटाच्या रस्त्यावर त्याच्यावर गेलो की मागून बायको पाठीत बोट खुपसते. आणि १६२ मीटर पर सेकंद म्हणजे ताशी ५८३ किलोमीटर! गोव्यात मोटरसायकल टॅक्सीवाल्याला पायलट म्हणतात, तो स्पीड खरा असता तर नाव अगदी बरोबर होतं. "बाबा, आपण फेरीत चढतोच कशाला मग, उडून जाऊया की," असं बाय म्हणाली, आणि जेवायचं राहिलं.

मग तिनेच मला शिकवलं, टीचरने सांगितलेलं. आकड्याबरोबर युनिट पण लिहायचं, ४५ किमी भागिले तास, त्याला १००० मीटर भागिले १ किमी, त्याला १ तास भागिले ३६०० सेकंद, आणि वरचा किमी खालच्या किमीला मारतो, तास तासाला. उरतं मीटर भागिले सेकंद, साडेबारा. गुणायचे हे दोन्ही अपूर्णांक म्हणजे खरं तर १ हा आकडाच, १००० मीटर आणि १ किमी ह्यात फरक काहीच नाही, म्हणून गुणलं तरी स्पीड तोच राहतो, फक्त कपडे बदलतो. १००० भागिले ३६०० म्हणजे पाच अठरांश, गुणायचं होतं ते त्याने, आणि ते तिथूनच येतं, मला मात्र तीस वर्षं ते वरून पडलंय असंच वाटत होतं.

मी मुद्दाम तासाचा तुकडा उलटा लावून बघितला. सोळा कोटी वीस लाख आले आणि युनिट उरलं मीटर-सेकंद भागिले तास-वर्ग. तास-वर्ग! असलं काही बाजारात मिळत नाही. म्हणजे चूक झाली की युनिटच बोंब मारतं, पाठ केलेला अपूर्णांक मात्र उलटा धरला तरी गप्प बसतो.

आज सकाळी रायबंदरला जाताना फेरीवरच्या खलाशाला विचारलं, स्पीड किती हो? तो म्हणाला, "पाच नॉट धरा." आता हे नवीन. पूर्वी जहाजातून गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडायचे आणि वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत हातातून किती गाठी सरकल्या ते मोजायचे, नॉट म्हणजे ती गाठ. आज एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १८५२ मीटर. मी हेल्मेटवर कागद ठेवून लिहायला लागलो, पाच गुणिले १८५२ भागिले ३६००, सगळं युनिटसकट, २.५७ मीटर पर सेकंद, हुश्श. बाजूचा म्हातारा वाकून बघत होता, म्हणाला, "पावतली रे, तांतड कित्याक?" म्हणजे पोचेल रे, घाई कशाला?

तेवढ्यात खरंच पोचली. मागचे सगळे हॉर्न मारतायत, माझा पेन सीटखाली पडलाय आणि स्कूटर सुरू होत नाही.

"आत्ता आपला स्पीड शून्य," बाय मागून म्हणाली, "ह्याला उलटं लावलंस तरी चालतं, बाबा."